दृष्टीचे ऋण

१

मे महिना सरत आला की अमेरिकेतील विद्यापीठांची वसतिगृहे रिकामी होऊ लागतात. परीक्षा आटोपलेल्या असतात. कोणी घरी परततो, कोणी प्रवासास निघतो, कोणी पुढील वर्षाच्या खर्चाची बेगमी करण्यासाठी एखाद्या दुकानात वा उपाहारगृहात काम धरतो. पण काही थोडे विद्यार्थी याच दिवसांत एखाद्या संशोधनशाळेत दाखल होतात आणि सुमारे दहा आठवडे तेथे उमेदवारी करतात. त्यांपैकी कित्येकांच्या वाट्याला कर्करोगाच्या प्रतिमांचे शास्त्र येते. क्ष-किरण, सीटी, एमआरआय, पेट, सोनोग्राफी अशा साधनांनी जिवंत देहाचे अंतरंग पडद्यावर आणावयाचे. त्यात गाठ कोठे आहे, केवढी आहे, औषधाने ती आक्रसते आहे की वाढते आहे, हे ओळखावयाचे. आणि हेच अधिक लवकर व अधिक अचूकपणे कसे ओळखता येईल याचा शोध घ्यावयाचा, असे या शास्त्राचे स्वरूप आहे. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था अशा उन्हाळी शिक्षणक्रमांस अनुदान देत आली आहे. कर्करोगाचे निदान लवकर व्हावे याच एका हेतूने स्थापन झालेल्या, कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कॅनरी केंद्रानेही पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी असा दहा आठवड्यांचा क्रम चालविला आहे.

हा विद्यार्थी बहुधा एकोणीस-वीस वर्षांचा असतो. कोणी पदार्थविज्ञानाचा, कोणी जीवशास्त्राचा, कोणी संगणकाचा. एक मार्गदर्शक, एक टेबल, एक संगणक आणि अनोळखी रुग्णांच्या काही शेकडा प्रतिमा, एवढी सामग्री त्याच्या स्वाधीन होते. प्रारंभी त्या करड्या छटांतून त्याला काहीच उमगत नाही. काही आठवड्यांनी रक्तवाहिनीचा आडवा छेद कोणता आणि गाठ कोणती, हा भेद त्याला कळू लागतो. शेवटच्या आठवड्यात तो एका मोठ्या तक्त्यासमोर उभा राहून, आपण काय केले हे येणाऱ्याजाणाऱ्यास चार मिनिटांत समजावून सांगतो.

आपल्याकडेही ही प्रथा अपरिचित नाही. बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना दोन महिने संशोधकांच्या हाताखाली धाडीत आल्या आहेत, आणि बृहन्महाराष्ट्रातील आमच्या वाचकांच्या घरांतूनही अशी मुले येथे वा परदेशी जात असतात. तेव्हा विषय दूरचा दिसला तरी प्रश्न आपल्या उंबरठ्याच्या आतला आहे.

अशा शिक्षणाची उपयुक्तता आम्हांस पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणून तिच्याविषयी येथे लिहावयाचे नाही. आमची शंका वेगळी आहे. ज्या प्रतिमांवर हा विद्यार्थी शिकतो त्या कोणाच्या तरी आहेत. एक माणूस खोकल्याने, वेदनेने वा नुसत्या भीतीने रुग्णालयात आला, यंत्राच्या अरुंद फळीवर निजला, श्वास रोखा म्हटल्यावर त्याने श्वास रोखला. त्या रोखलेल्या श्वासाचे हे चित्र आहे. त्या माणसाला या विद्यार्थ्याच्या शिक्षणापासून काही लाभ होणार नसतो. पुष्कळदा तो आता हयातही नसतो. तर मग परक्याच्या आपत्तीवर आपली विद्या उभारण्याचा अधिकार विद्यार्थ्यास कोठून प्राप्त होतो? आणि तो प्राप्त होत असेल, तर त्याचे मोल कोणत्या नाण्यात चुकते करावयाचे?

२

नवशिक्याने शिकावे कशावर, हा प्रश्न आपल्या परंपरेस ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ नावाचा एक अध्याय आहे. योग्या म्हणजे हाताने करावयाचा अभ्यास. शिष्याने सारे शास्त्र मुखोद्गत केले असले तरी असा अभ्यास केल्यावाचून तो कर्मास अपात्रच राहतो, असे तेथे निक्षून सांगितले आहे. छेद घेण्यास शिकावयाचे ते कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर. शिरेचा वेध शिकावयाचा तो मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. खरवडणे शिकावयाचे ते केसाळ कातड्यावर. आणि पट्टी बांधावयास शिकण्यासाठी माणसाच्या आकाराची एक बाहुली सांगितली आहे. या योजनेत व्यवहारचातुर्य आहेच, पण त्याहून अधिक असे काही आहे. नवशिक्याचा हात चुकणारच; तो चुकावयाचा तर दुधी भोपळ्यावर चुकावा, माणसावर चुकू नये. दुधीचे आपल्यावर ऋण चढत नाही.

आजच्या प्रयोगशाळेतही अशी बाहुली असते. तिला ‘फँटम’ म्हणतात. प्लॅस्टिकचे एक पोकळ धड असते, त्यात लहानमोठे गोल बसविलेले असतात, आणि त्यांत किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलेले पाणी भरून यंत्राची परीक्षा पाहिली जाते. कोणत्या गोलाचा व्यास किती हे आधीच ठाऊक असल्यामुळे आपले मोजमाप कितपत खरे हे तत्काळ कळते. विद्यार्थ्याच्या पहिल्या चुका याच्यावर होतात, आणि त्या कोणालाही दुखवीत नाहीत.

पण फँटमवर शिकून होणारे शिक्षण लवकरच संपते. खरी गाठ गोल नसते. तिच्या कडा धूसर असतात, ती श्वासाबरोबर हलते, शेजारच्या उतीत मिसळून जाते. म्हणून विद्यार्थ्यास खऱ्या रुग्णांच्या प्रतिमांकडे वळावे लागते. आणि येथे एक विलक्षण मध्यस्थिती उत्पन्न होते. पडद्यावरची ती प्रतिमा दुधी भोपळा नव्हे आणि माणूसही नव्हे. तिच्यावर हजार वेळा चुकीची रेघ ओढली तरी ती कण्हत नाही. ती पुसता येते, उलटी करता येते, तिच्या सहस्र प्रती काढता येतात. या निर्वेदनपणामुळे ती भोपळ्याच्या जातीची आहे असा भास होतो, आणि आमच्या मते सर्व नैतिक धोक्याचे मूळ या भासात आहे.

३

प्रतिमा म्हणजे वस्तूचे प्रत्यक्ष दर्शन, अशी सामान्य समजूत असते. क्ष-किरणांच्या जन्मकाळी ती काही अंशी खरी होती. रोंटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये या किरणांचा शोध लावला आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि एका बोटातील अंगठी स्वच्छ दिसते. ते पाहून आपण आपला मृत्यूच पाहिला असे त्या बाई उद्गारल्या, असे सांगतात. या आख्यायिकेत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या पहिल्या प्रतिमेत पाहणारा आणि जिला पाहिले ती, ही दोघे एकाच खोलीत होती. हात कोणाचा हे दोघांना ठाऊक होते. आणि ती प्रतिमा पाहून भय वाटण्याचा अधिकार जिचा होता तिलाच ते वाटले.

पुढे यंत्रे बदलली. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका स्त्रीच्या मेंदूचा पहिला सीटी छेद टिपला. हा छेद सरळ छायाचित्र नव्हता. अनेक दिशांनी घेतलेल्या मोजमापांवरून आतील घनता किती असावी याचे गणित मांडून तो रचलेला होता. त्याच वर्षी गो. ना. रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी अशा रचनेसाठी एक सुटसुटीत गणिती पद्धत प्रसिद्ध केली, आणि तिच्यातील गाळणी आजही त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते. पेट तपासणीत तर याहून लांबचा वळसा आहे. किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली शर्करा रुग्णाच्या शिरेत सोडतात. त्या फ्लोरिनची क्रिया सुमारे ११० मिनिटांत निम्मी होते, म्हणून सारे काम घाईने उरकावे लागते. ज्या पेशी अधिक शर्करा ओढून घेतात त्या पडद्यावर उजळतात. कर्कपेशी शर्करेच्या भुकेल्या असतात. पण क्षयाची गाठ, साधी सूज, काम करीत असलेला मेंदू, हीही उजळतातच.

आपल्या नैयायिकांच्या भाषेत सांगावयाचे तर येथे प्रत्यक्ष थोडे आणि अनुमान फार. पर्वतावर धूर दिसला म्हणजे अग्नी असलाच पाहिजे, या अनुमानात धूर आणि अग्नी यांचे साहचर्य अव्यभिचारी मानलेले असते. प्रतिमेतील उजळ ठिपक्याचे आणि कर्करोगाचे साहचर्य तसे नाही. पडद्यावर दिसतो तो धूर. तो चितेचा, चुलीचा की होमाचा हे पाहणाऱ्याने ठरवावयाचे असते. ज्याला आपण ‘पाहणे’ म्हणतो तो अशा रीतीने एक निर्णय ठरतो, आणि निर्णय म्हटला की त्याच्याबरोबर उत्तरदायित्व आलेच. डोळ्याला जबाबदारी नसते, न्यायाधीशाला असते. विद्यार्थी दहा आठवड्यांत डोळा घेऊन आत जातो आणि न्यायाधीश होऊन बाहेर येतो; पण हे स्थित्यंतर झाले असे त्याला कोणी सांगत नाही.

४

हे केवळ तात्त्विक बोलणे नव्हे. अशा शिक्षणात वारंवार वापरल्या जाणाऱ्या प्रतिमासंग्रहांत फुप्फुसांच्या सीटी तपासण्यांचा एक मोठा संग्रह आहे. त्यात १,०१८ तपासण्या आहेत. प्रत्येक तपासणी चार अनुभवी तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे पाहिली. मग इतर तिघांच्या खुणा, नावे न सांगता, प्रत्येकास दाखविण्यात आल्या आणि आपल्या मताचा पुनर्विचार करण्यास सांगण्यात आले. मात्र एकमत झालेच पाहिजे अशी सक्ती केली नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : तीन मिलिमीटर वा त्याहून मोठी गाठ म्हणून चौघांपैकी निदान एकाने तरी ज्यांवर खूण केली अशा जागा २,६६९ निघाल्या, चौघांनीही जिला तशी गाठ म्हटले अशा जागा फक्त ९२८ होत्या. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक.

या आकड्यांवरून ते तज्ज्ञ अडाणी होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. ते आपापल्या क्षेत्रातील जाणते होते, आणि मतभेद लपविला नाही हा त्या संग्रहकारांचा मोठाच प्रामाणिकपणा होय. पण आता त्या विद्यार्थ्याचा विचार करा. त्याला संगणकास गाठ ओळखावयास शिकवावयाचे आहे. त्यासाठी ‘खरे उत्तर’ हवे. चार रेघांतून तो एक सरासरी रेघ काढतो आणि तिला सत्य असे नाव देतो. ज्या जागांवर मतभेद आहे त्या वगळल्या तर त्याच्या पद्धतीचे यश तक्त्यावर अधिक देखणे दिसते. दहा आठवड्यांपैकी आठ संपलेले आहेत, शिफारसपत्र मिळावयाचे आहे, वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रवेश डोळ्यांपुढे आहे. त्याला खोटे बोलावे लागत नाही. फक्त एक वर्ग वगळावा लागतो आणि त्याचा उल्लेख लहान अक्षरांत करावा लागतो, अथवा मुळीच करावा लागत नाही. आणि त्या वगळलेल्या वर्गात कोण असतात? ज्यांच्याविषयी शहाण्यांतही एकमत होत नाही, ज्यांना साहाय्याची गरज सर्वांत अधिक, तीच माणसे.

इच्छा ही दृष्टीला कशी वळविते याचे एक उदाहरण २०१३ साली प्रसिद्ध झाले. फुप्फुसांच्या छेदांत गाठी शोधण्याचे काम २४ क्ष-किरणतज्ज्ञांना देण्यात आले आणि शेवटच्या प्रतिमांत एका गोरिलाची आकृती हळूच घुसडण्यात आली. ती सर्वसाधारण गाठीच्या ४८ पट मोठी होती. चोवीसांपैकी वीस जणांना ती दिसलीच नाही. आणि ज्यांना दिसली नाही त्यांतील बहुसंख्यांची नजर प्रत्यक्ष त्या जागेवर पडून गेली होती, हे नेत्रांचा मागोवा घेणाऱ्या यंत्राने दाखविले. डोळे पाहत होते, मन गाठी शोधीत होते. जो शोधीत असतो त्याला शोधलेलेच दिसते. अनुभवी मनुष्याची ही गत, तर ज्याला दहा आठवड्यांत काहीतरी सापडलेच पाहिजे अशी ओढ लागलेली आहे त्याची काय कथा?

५

यावर एक वजनदार आक्षेप घेता येईल. कोणी म्हणेल, ‘या प्रतिमांवरून रुग्णांची नावे काढून टाकलेली असतात. नीतिसमित्यांनी अनुमती दिलेली असते. रुग्णाला कणभरही इजा होत नाही. मग प्रश्न उरतो कोठे? उलट प्रत्येक छेदापाशी डोळे पुसत बसणारा विद्यार्थी गाठीचा व्यास नीट मोजणार कसा? या कामास तटस्थता हवी.’

यातील पहिला भाग बराचसा खरा आहे, आणि नाव काढण्याचे काम किती बारकाईने करावे लागते हेही सांगितले पाहिजे. २०१९ साली मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांच्या डोक्याच्या एमआरआय प्रतिमांवरून चेहरे पुन्हा रचले, आणि चेहरे ओळखणाऱ्या संगणकाने त्यांतील ७० जणांचे छायाचित्र अचूक निवडले. म्हणून अशा संग्रहांत देण्यापूर्वी डोक्याच्या प्रतिमेतील चेहराही पुसण्याची पद्धत पडली आहे. नाव गेले, चेहरा गेला. उरली ती कवटी आणि तिच्यातील गाठ. हे सारे रुग्णाच्या रक्षणासाठी होते आणि ते योग्यच आहे. परंतु नाव झाकणे वेगळे आणि माणूस विसरणे वेगळे. नाव आपण त्याच्या हितासाठी झाकतो. विसरतो मात्र आपल्या सोयीसाठी. पहिले करताना दुसरे आपोआप घडून जाते, आणि ते घडले हे ध्यानातही येत नाही.

आक्षेपाचा दुसरा भाग तटस्थतेचा. तटस्थता हवी, हे आम्हांसही मान्य आहे. पण या शब्दाकडे नीट पाहावे. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. पुरात एखादा वाहून जात असता काठावरचा मनुष्य स्वतः प्रवाहात सापडलेला नसतो, म्हणून तर त्याला दोर टाकता येतो. त्याचे पाय जमिनीवर आहेत याचा उपयोग बुडणाऱ्यासाठी आहे. काठावर उभे राहून प्रवाहाचा वेग मोजणारा आणि मोजून घरी जाणारा मनुष्यही तटस्थच म्हणवितो. पण त्याच्या त्या स्थितीला आपण बेफिकिरी म्हणावे. दोघांची उभे राहण्याची जागा एकच असते, म्हणून बाहेरून भेद दिसत नाही.

महाभारतातील संजयाची आठवण येथे होते. युद्ध पाहण्याची दृष्टी व्यासांनी प्रथम धृतराष्ट्रास देऊ केली. स्वकीयांचा वध पाहण्याची इच्छा नाही म्हणून त्याने ती नाकारली, आणि ती संजयास मिळाली. त्याच्यापुढे कुळेच्या कुळे पडत होती. या अलौकिक दृष्टीच्या बदल्यात संजयाकडून एकच अपेक्षा होती : जे दिसले ते तसेच सांगावे. ऐकणारा राजा होता, अन्नदाता होता, आणि त्याला आपल्या पुत्रांच्या जयाची वार्ता ऐकावयाची होती. तरी संजयाने पराजय हा पराजय म्हणूनच सांगितला, आणि प्रसंगी राजाला त्याचा दोषही दाखविला. दुरून पाहणाऱ्याचा धर्म यापेक्षा निराळा असेल असे आम्हांस वाटत नाही.

६

‘लवकर पाहणे’ हे स्वतःच निःसंशय कल्याणकारी आहे, असे मानून चालणारा कोणी म्हणेल की विद्यार्थी काय हेतूने पाहतो याची चिकित्सा कशाला. पाहणे वाढले म्हणजे माणसे वाचतील. याचे उत्तर अनुभवाने दोन्ही बाजूंनी दिले आहे. अमेरिकेत ५३,००० हून अधिक माणसांवर झालेल्या, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दीर्घकाळ धूम्रपान केलेल्यांची अल्पमात्रेची सीटी तपासणी केल्यास, साध्या क्ष-किरण तपासणीच्या मानाने, फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू शेकडा २० ने घटतात असे दिसले. हा लाभ मोठा आहे. पण त्याच चाचणीत सीटीने संशयास्पद ठरविलेल्या तपासण्यांपैकी शेकडा ९६ हून अधिक खोट्या निघाल्या. म्हणजे कर्करोग नसताना त्याच्या छायेखाली माणसांनी दिवस काढले. दक्षिण कोरियात गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली तेव्हा २०११ साली थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान १९९३ च्या मानाने पंधरापट झाले. त्या रोगाचे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. ज्या गाठी जन्मभर निरुपद्रवी राहिल्या असत्या त्या दिसल्या म्हणून कापल्या गेल्या, आणि हजारो माणसे आयुष्यभर गोळ्या घेत राहिली. दिसले ते सारे सांगावे, पण जे दिसले त्याचा अर्थ अजून कळलेला नाही हेही त्याच आवाजात सांगावे, असा धडा यातून निघतो.

कॅनरी केंद्राचा उल्लेख आम्ही वर केला. त्याचे दीर्घकाळ संचालक असलेले संजीव गंभीर हे अंबाल्यात जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले. जिवंत देहातील पेशींच्या हालचाली प्रतिमांतून टिपण्याच्या शास्त्रात त्यांचे स्थान फार वरचे होते. कर्करोग अगदी प्रारंभी दिसावा हा त्यांच्या आयुष्याचा ध्यास. त्यांचा सोळा वर्षांचा एकुलता मुलगा २०१५ साली मेंदूच्या कर्करोगाने गेला. पुढे २०२० च्या जुलैत ते स्वतः सत्तावन्नाव्या वर्षी कर्करोगानेच गेले. या घटनेवर ‘दैवाचा खेळ’ अशी चटकदार टीका करण्याचा मोह कोणासही होईल. आम्हांस तो अशोभनीय वाटतो. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते इतकेच की पुत्र गेल्यानंतरही त्यांनी आपले काम सोडले नाही. ज्याच्या घरात ती प्रतिमा आली त्याला ती भोपळा आहे असे कधीही वाटणार नाही. प्रश्न इतकाच आहे की, ज्याच्या घरात ती आलेली नाही त्या वीस वर्षांच्या मुलाला हे कसे कळावे?

रुग्णांच्या खाटांजवळून विद्यार्थ्यांची मिरवणूक काढावी, हा त्यावर उपाय नव्हे. दुःखाची प्रदर्शने भरविल्याने करुणा वाढत नाही, संकोच मात्र मरतो. आणि आधीच वेदनेत असलेल्याला पाठ्यपुस्तक बनविण्याचा दोष आपल्या माथी येतो. काही साध्या गोष्टी मात्र करता येतील. पहिल्या दिवशी यंत्राची ओळख करून देण्यापूर्वी या प्रतिमा कोठून आल्या, कोणत्या प्रकारच्या रुग्णांच्या आहेत, कोणत्या अनुमतीने मिळाल्या आणि कोणाच्या प्रतिमा या संग्रहात नाहीत, हे विद्यार्थ्यास सांगावे. शेवटच्या तक्त्यावर यशाच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत, आपली पद्धत कोठे फसली आणि तज्ज्ञांत कोठे मतभेद होता, हे लिहावयास लावावे. आणि ज्याला दहा आठवड्यांत काही सापडले नाही त्याने ‘सापडले नाही’ असे लिहिले, तर त्याच्या शिफारसपत्रात त्या वाक्याचा गौरव व्हावा. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे, कारण तिच्यात संस्थेला आणि पालकांना, म्हणजे तुम्हांआम्हांलाही, आपली हाव आवरावी लागते. मुलगा सुटीत काय शिकून आला असे विचारण्याऐवजी त्याने काय शोध लावला असे आपण विचारतो, तेव्हा त्याच्या हातातली रेघ आपणही थोडी हलवीत असतो.

७

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परक्याच्या आपत्तीवर शिकण्याचा अधिकार कोठून येतो? आमच्या मते तो अधिकार म्हणून येतच नाही, ऋण म्हणून येतो. आपल्या पूर्वजांनी मनुष्य जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे मानले : देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. ऋषिऋण हे विद्येचे ऋण. पण त्यात विद्या देणाऱ्याचाच विचार आहे. ज्याच्या देहावरून विद्या घेतली त्याचा नाही. आजच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ऋषींच्या पंक्तीत त्या अनामिकालाही बसविले पाहिजे. त्याने सूत्र सांगितले नाही, पण ज्या पानावर सूत्र वाचता आले ते पान त्याचे होते.

ऋणाचे वैशिष्ट्य असे की ते ज्याचे त्याला परत करता येतेच असे नाही. पितृऋण आपण पुढील पिढीकडे फेडतो. कॅनरी केंद्राच्या नावातच याची एक खूण आहे. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत असत; माणसाच्या आधी तो लहानगा जीव कोसळे आणि मजुरांना धोका कळे. १९८६ सालापासून ही प्रथा यंत्रांच्या आगमनाने बंद झाली. पण त्या पिंजऱ्यांपैकी काहींची रचना विशेष होती. त्यांवर प्राणवायूची एक छोटी नळकांडी बसविलेली असे. पक्षी पडला की दार बंद करावयाचे, नळी उघडावयाची आणि त्याला शुद्धीवर आणावयाचे. ज्याच्या पडण्याने आपण सावध झालो त्याला तेथेच टाकून पळू नये, एवढी कृतज्ञता त्या लोखंडी पिंजऱ्यात घडविलेली होती.

संग्रहातील त्या रुग्णाला प्राणवायू देणे आता कोणाच्या हाती नाही. त्याने रोखलेला श्वास त्याने केव्हाच सोडला. विद्यार्थ्याच्या हाती उरतो तो पुढचा रुग्ण, जो अजून यंत्राच्या फळीवर निजलेला नाही, आणि ज्याच्याविषयी काय सांगितले जाईल हे आज ओढलेल्या रेघेवर थोडेसे अवलंबून आहे. ती रेघ जेथे स्पष्ट आहे तेथे स्पष्ट काढावी. जेथे दिसत नाही तेथे दिसत नाही असे लिहावे. वीस वर्षांच्या मुलाकडून दहा आठवड्यांत याहून अधिक मागण्याचा आम्हांस अधिकार नाही, आणि याहून कमी मागणे हे त्या अनामिकाशी अप्रामाणिकपणाचे होईल.